पान मान टाकतं तेव्हा

आपल्या जव्हार-मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण बराचसा डोंगरउतारावरून वाहून जातो. एप्रिल-मे आला की हंडा आपल्याच डोक्यावर येतो. त्यातलं घराला किती आणि वाडीतल्या आंबा-काजूच्या कलमाला किती, हा हिशोब रोजचाच. असाच हिशोब कलमाचं पानही दिवसभर करत असतं. तो कळला तर आपला एखादा हंडा वाचेल.

पानाला नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. आंब्याच्या पानाला ती खालच्या बाजूने असतात, म्हणून त्यांना थेट ऊन लागत नाही. प्रत्येक तोंडाला दोन ओठ, पावट्याच्या दाण्यांसारखे. ओठांत पाणी भरलं की ते फुगून वाकतात आणि तोंड उघडतं. पाणी उतरलं की सैल पडतात, तोंड मिटतं.

हे तोंड उघडायचं कशाला? हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. तो वायू, मुळांनी आणलेलं पाणी आणि उन्हाचा उजेड, यांतून पान साखर बनवतं. त्या साखरेवरच फळ धरतं, दाणा भरतो. पण तोंड उघडलं की आतली वाफही बाहेर पडते. मुळांनी शंभर हंडे पाणी ओढलं, तर नव्वदहून जास्त हवेत जातं. तोंड उघडं ठेवलं तर तहान, मिटलं तर उपास!

म्हणून बरीच झाडं सकाळी तोंड उघडून काम उरकतात आणि कडक उन्हात थोडं मिटून घेतात. माती सुकली तर मुळं पानांना तसा निरोप धाडतात, मग तोंडं लवकर मिटतात. झाड जगतं, पण वाढ थांबते. निवडुंग तर तोंड रात्रीच उघडतो. आपली नागलीही हुशार. तिच्या पानात हा वायू एका जागी साठवून वापरायची सोय आहे. तोंड थोडंच उघडलं तरी तिचं भागतं. भाताला ती सोय नाही, म्हणून भाताला पाणी जास्त लागतं आणि नागली वरकस जमिनीतही तग धरते.

आता कामाची गोष्ट. दुपारी कलमाने मान टाकली म्हणून लगेच हंडा ओतू नका. संध्याकाळी पान पुन्हा ताठ झालं, तर मातीत अजून ओल आहे. रात्र जाऊनही पहाटे पान लोंबतंच असेल, तर मात्र त्याच सकाळी पाणी द्या. एकच सांभाळा. बुडाशी पाणी तुंबलं असेल तरीही पान मान टाकतं, म्हणून आधी माती हाताने उकरून बघा.

पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, मुळाशी द्या. बुडाभोवती पालापाचोळा, पेंढा पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. नव्या कलमाला पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून काटक्या-पेंढ्याचा आडोसा करा. उन्हाची झळ कमी झाली की पानातून वाफही कमी जाते.

खात्री करायची असेल तर गटाच्या बैठकीच्या दिवशी सकाळी उन्हातल्या एका हिरव्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. दोन-तीन तासांनी आत थेंब दिसतील. तेच पानांतून निघालेलं पाणी. बघून झालं की पिशवी सोडा, नाहीतर पानं उकडतील.