पिल्लू नर की मादी?

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम् भागात बदलीवर आलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. शेजारच्या अंगणात कुत्री व्याली आहे. सहा पिल्लांपैकी चार गेली; उरली दोन, एक नर आणि एक मादी. मुलांना दोन्ही हवी आहेत, आईला एकही नको आहे, आणि वडिलांनी जाहीर केले आहे की आणायचेच तर नर आणा, मागाहून कटकट नको. उरलेल्या मादीचे पुढे काय होणार, हे शेजारीणबाई बोललेल्या नाहीत. पण थोरल्या मुलीने ते ओळखले आहे.

मराठीत 'ते पिल्लू' नपुंसकलिंगीच असते. निवडीची वेळ आली की मगच त्याचा 'तो' किंवा 'ती' होते. कन्नड शेजाऱ्याच्या बोलीत तर 'नायी' वाढले तरी 'अदु', म्हणजे 'ते'च राहते. म्हैसूरलगतच्या मंड्या जिल्ह्यात आतकूर म्हणून गाव आहे. तेथे काली नावाच्या श्वानाने रानडुकराशी झुंज दिली आणि त्या झुंजीत दोघांचाही अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ दहाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, वीरगळ उभारला गेला. तो आज बंगळूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ज्या मुलखात श्वानासाठी शिळा कोरली गेली, त्याच मुलखात मादी पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडली जावीत, हे विलक्षण खरे. अर्थात महाराष्ट्रानेही या बाबतीत मान वर करून बोलण्यासारखे काही नाही.

वडिलांची ती 'कटकट' कोणती, हे एकदा नीट पाहावयास हवे. मादी साधारणपणे सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. पुढे बहुधा वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे, तिला जपावे लागते. फाटकापाशी गल्लीतील नरांची सभा भरते. गाभण राहिल्यास सुमारे 63 दिवसांनी ती विते आणि मग पुन्हा पिल्लांना घरे शोधण्याचा तोच प्रसंग. ही अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पशुवैद्याने एकदा निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया केली की ती कायमची संपते. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा विकारही टळतो. शस्त्रक्रियेचे योग्य वय जातीनुसार व अंगलटीनुसार बदलते. ते पशुवैद्यालाच विचारावे.

नराची कटकट मात्र कोणी मोजत नाही, कारण ती घराबाहेर घडते. वयात आलेला नर माजावरच्या मादीच्या वासाने कुंपण ओलांडतो, रस्त्यावर वाहनाखाली सापडतो, मारामाऱ्या करून कान फाडून घेतो. आणि घरात असला तर दिवाणखान्याच्या पायांवरही आपली मालकी लिहून ठेवतो. त्याच्याही शस्त्रक्रियेने हा उपद्रव बराच कमी होतो. तेव्हा शस्त्रक्रिया दोघांचीही करावयाचीच, असे ठरले की नर व मादी यांतील अंतर पुष्कळच उरत नाही. घरात आधीच एक कुत्रे असेल, तर मात्र भिन्न लिंगाचे पिल्लू सामान्यतः अधिक निभावते.

लिंगाहून महत्त्वाची गोष्ट आहे जात आणि स्वभाव. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेले ते लांब पायांचे शिकारी कुत्रे, ज्याचे चित्र 2005 साली भारतीय टपाल तिकिटावर आले, दोन खोल्यांच्या घरात नर असो वा मादी, दुःखीच राहील; त्याला धावावयास मैदान हवे. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. त्याची आई माणसांना कशी वागवते ते पाहावे, कारण तिची भीती किंवा तिचा विश्वास पिल्लांत बऱ्याच अंशी उतरतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी, आणि तिचे पुढचे डोस चुकवू नयेत. त्यात नर-मादी असा भेद नाही. आणि नको झालेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. हा कायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. ज्यांना असतो तेही रात्रीची वेळ पाहतात.

आता पुन्हा त्या अंगणात जावे. रविवारी सकाळी वडील पिल्ले पाहावयास गेले. नर झोपला होता. मादी त्यांच्या चपलेचा अंगठा चावू लागली. त्यांनी पाय मागे घेतला, तशी ती दोन पावले सरली, आणि पुन्हा आली. मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना विचारलंय मी. ऑपरेशनला एकदाच खर्च येतो."

वडिलांनी किती, ते विचारले. मुलीने सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी शेजारीणबाईंना विचारले, हिची आई हिला अजून पाजते काय. आणि आणखी दहा दिवसांनी न्यावयास येतो, असे सांगितले.

नराला दुसऱ्याच दिवशी कोणीतरी घेऊन गेले. त्याला घर मिळणारच होते.