धाडस कोणाच्या जिवावर?

(होटगी येथील तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

गदगकडील लोहमार्ग मीटरगेज होता तोवर होटगी जंक्शनवर माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. मार्ग बदलण्याची किंमत काय असते, हे या गावाला कोणी शिकवायला नको. तरीही मुलाने नोकरीऐवजी धंद्याचे नाव काढले की घरात चिंता पसरते. ती चिंता अगदीच अनाठायी नसते.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी घरचा व्यापार सोडून रेल्वेच्या कंत्राटात उडी घेतली, असे आपण कौतुकाने सांगतो. मात्र त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते, हे सांगायचे राहून जाते. एकाचे भांडवल, दुसऱ्याची कामाची जाण! बार्शी लाइट रेल्वेचे काम या जोडीने केले. डोळे मिटून घेतलेली ती उडी नव्हती.

पुढचे धाडस मात्र महागात पडले. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया कंपनी उभी राहिली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. आज त्या दिवशी देश सागरी दिन पाळतो. पण ते जहाज जवळपास २८ वर्षांचे जुने होते आणि १९२३ मध्ये भंगारात गेले, याची आठवण त्या दिवशी कोणी काढत नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून कोंडी केली, ती वेगळीच. अखेर त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्याशी करार करून सिंदियाने दहा वर्षे किनारी वाहतुकीपुरते थांबणे मान्य केले. स्वाभिमानी मनाला हे टोचते. परंतु कंपनीत भागधारकांचा पैसा होता. हट्टाने ती बुडाली असती, तर विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ साली ‘जलउषा’ पाण्यात उतरलीच नसती.

याउलट उदाहरण सोलापूरचेच. येथील ‘जुनी मिल’ ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला व डिसेंबरमध्ये हरला. त्यासाठी झालेल्या कायद्याच्या आरंभीच कारण नोंदले आहे : गैरव्यवस्था आणि दुर्लक्ष. त्यातून ओढवलेल्या बेकारीचाही तेथे उल्लेख आहे. निर्णय संचालकांचे होते, चुली मात्र कामगारांच्या विझल्या.

म्हणून उद्या कोणी वडिलांकडे शेत गहाण ठेवण्याची परवानगी मागेल, तेव्हा नफ्याचा कागद नंतर दाखवावा. धंदा बसला तर हप्ता कोण भरणार, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय, आणि कोणत्या रकमेला थांबायचे, हा कागद आधी वडिलांसमोर ठेवावा. आईलाही त्या वेळी जवळ बसवावे.