वरठीच्या फलाटावरची तार

गाव वरठी, पण स्टेशनच्या पाटीवर नाव भंडारा रोड. हावडा-मुंबई मार्गावरच्या या फलाटावर उभं राहून जरा वर पाहा. रुळांवरून जाणाऱ्या तारेचं व्होल्टेज आहे २५,००० व्होल्ट. आपल्या घरात येतं ते २३०.

व्होल्टेज म्हणजे काय? आपला भंडारा जिल्हा तलावांचा. तलाव भरला की गेटवर पाण्याचा दाब वाढतो. हा दाब म्हणजे व्होल्टेज. गेट उघडल्यावर पाटातून दर सेकंदाला जितकं पाणी वाहतं, तो करंट. त्याचं माप अँपिअर. गेट बंद असलं तरी दाब असतोच! घरातला खटका बंद असतानाही व्होल्टेज खटक्यापर्यंत येऊन थांबलेलं असतं.

दोघांचा गुणाकार केला की वॉट, म्हणजे शक्ती. मालगाडीच्या ४,५०० किलोवॉटच्या इंजिनाला पूर्ण जोरात २५,००० व्होल्टवर सुमारे १८० अँपिअर पुरतात. १९२५ साली मुंबईहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टवर. तेवढ्या दाबावर हेच इंजिन ३,००० अँपिअर मागेल. आणि करंट दुप्पट झाला की तीच तार चौपट तापते. वीज वाटेतच वाया जाते. म्हणून दाब चढवायचा, करंट उतरवायचा.

त्या तारेवर पाखरू निवांत बसतं, कारण त्याच्या दोन्ही पायांखाली दाब सारखाच. आपले पाय मात्र जमिनीवर असतात. त्या तारेपासून निदान दोन मीटर लांब राहा, आणि हातात लांब काठी, लोखंडी गज असेल तर आणखी जपून.