गाडीचा एसी खरंच गार करतोय का? गॅस भरण्याआधी मोजा

मार्च संपला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडीचा एसी मारत नाहीये यार." आणि त्यावर उत्तरही ठरलेलं: "गॅस संपला असेल भाऊ, भरून टाक." आज मला एवढंच सांगायचंय, की पैसे काढण्याआधी मोजा.

का? कारण गॅस म्हणजे पेट्रोल नाही. तो जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत होसमधून, सीलमधून थोडासा कमी होतो, ते ठीक. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी लीकेज आहे. ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आता मोजायचं कसं? मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवतो, स्वयंपाकघरात वापरतात तसला. तापाचा चालणार नाही, तो इतकं कमी तापमान दाखवत नाही. गाडी सावलीत, पण मोकळ्या जागेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर जीव घेतो. आधी दोन मिनिटं काचा उघडून आतली तापलेली हवा बाहेर काढा. मग काचा बंद, एसी फुल, ब्लोअर फुल, आणि आतलीच हवा फिरवणारं, म्हणजे रिसर्क्युलेशनचं बटण चालू. थर्मामीटरची दांडी मधल्या व्हेंटमध्ये घाला आणि १० मिनिटं थांबा.

माझा ढोबळ हिशोब असा: बाहेर ४३ अंश असताना व्हेंटमधून १० ते १५ अंशांची हवा येत असेल, तर एसी आपलं काम करतोय. २० च्या वरच अडकला असेल, तर दाखवायला न्या. नुसता हात लावून ठरवू नका. घामाने ओल्या हाताला पंख्याची हवापण गार लागते.

अजून एक गोष्ट. बरेच जण गाडीखाली पाणी टपकतंय का ते बघतात. ते पाणी म्हणजे हवेतला ओलावा. आपल्याकडे मे महिन्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी कमी पडतं, कधी पडतही नाही. घाबरू नका. तीच गाडी जुलैत धो धो टपकेल. मुंबईचा मित्र म्हणतो, "माझ्या गाडीखाली तर डबकं होतं." त्याच्याकडे दमट हवा आहे, म्हणून होतं.

आता बिघाड ओळखायचा कसा? धुळ्याहून निघालात, पारोळा, एरंडोल, हायवेला एसी मस्त. जळगावात अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला थांबलात की हवा कोमट. मग आधी गॅसवर नाही, समोरच्या जाळीवर संशय घ्या. रेडिएटरपुढे कंडेन्सर असतो, तो आतली उष्णता बाहेर टाकतो. गाडी पळते तेव्हा त्याला वारा मिळतो, थांबली की फक्त फॅन. फॅन फिरत नसेल, किंवा जाळीत धूळ-किडे बसले असतील, तर सिग्नलवर असंच होणार.

हवा गार आहे, पण जोर नाही? मग केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि आपल्या रस्त्यांच्या धुळीने लवकर भरतो. सुरुवातीला मस्त, तासाभराने हवा येणंच कमी? मग आत बर्फ जमत असू शकतो. एसी बंद करून थोडा वेळ नुसता ब्लोअर चालवा. हवा परत आली, तर हे लक्षण मेकॅनिकला सांगा.

आणि गॅस भरायचाच ठरला, तर दोन गोष्टी मागा. एक, आधी लीकेज टेस्ट. दोन, गॅस वजनावर. बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, आणि पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे.

हे सगळं कशासाठी? ४५ अंशात मागच्या सीटवर आजी किंवा लहान पोर बसलेलं असतं. पुढच्या व्हेंटचा गारवा मागे उशिरा पोचतो. म्हणून अधूनमधून मागे विचारा, पाणी द्या. आणि एसी कितीही भारी असो, पोराला बंद गाडीत एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

तर या रविवारी १० मिनिटं काढा, मोजा, आणि बाहेरचा आकडा, व्हेंटचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात "गॅस संपलाय" कोणी म्हणालं, तर तुमच्याकडे हिशोब असेल. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!