खातं कुणाच्या नावावर?

(जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर बुलडाणा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून पोटगी झाली, शेतीतला वाटा झाला, दारूबंदी झाली. आता जेवणाआधीचा तास आणि विषय काय, तर संगणक! दोघी-तिघींच्या जांभया मला इथूनच दिसताहेत. त्यांना मी नावं ठेवणार नाही. मीही कालपरवापर्यंत त्यांच्यातलीच होते. संगणक म्हणजे अर्ज टाइप करायचं यंत्र, ते बिघडलं की बाजारातल्या मुलाला बोलवायचं, एवढाच माझा संबंध. तो का बदलला ते आधी सांगते. सांगताना लाज वाटते, पण आपल्याच माणसांत सांगायचं नाही तर कुठे सांगायचं?

आमचं सल्ला केंद्र घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावात आहे. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, एक संगणक. कपाटाच्या किल्ल्या दोन, दोन ठरलेल्या कार्यकर्त्यांकडे. कुठल्याही बाईची फाईल बाहेर काढली की वहीत सही करायची. हा नियम आम्ही सुरुवातीपासून कसोशीने पाळला आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण पुढे तेच सगळे अर्ज, तेच जबाब संगणकावर लिहायला लागलो, तेव्हा हा नियम कपाटापाशीच राहिला. संगणक सुरू करायला एकच नाव होतं, 'ऑफिस'. पासवर्ड होता केंद्राच्या स्थापनेची तारीख, आणि तोसुद्धा विसरायला नको म्हणून पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. त्या एका नावाने आम्ही चौघी काम करायचो. हिशेब लिहायला येणारे गृहस्थ त्याच नावाने बसायचे. एका ताईंचा मुलगा परीक्षेचे फॉर्म भरायचा. प्रिंटरची शाई भरायला येणारा मुलगा 'टेस्ट प्रिंट' काढायला समोर दिसेल ती फाईल उघडायचा. आम्ही चहा टाकायला आत.

एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याची मारझोड, हातात दोन लेकरं. माहेरी गेली तर सासरचे पहिल्यांदा तिथेच येणार, म्हणून ती दुसऱ्या गावी मामेबहिणीकडे राहिली होती. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचा अर्ज आम्ही टाइप केला. त्यात तो पत्ता होता. अर्ज कोर्टात गेला नव्हता, नोटीस निघाली नव्हती, आणि चौथ्या दिवशी दीर आणखी दोघांना घेऊन मामेबहिणीच्या दारात उभा. अर्जातली वाक्यं त्याला जवळजवळ तोंडपाठ. शेजारचे जमले म्हणून पुढचं टळलं. ती परत केंद्रात आली तेव्हा रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, म्या त फक्त तुमालेच सांगतलं होतं."

मग आम्ही शोधायला बसलो. पण शोधणार काय? संगणकाच्या लेखी त्या खोलीत एकच माणूस वावरत होता, त्याचं नाव 'ऑफिस'. आम्ही त्या शाईवाल्या मुलावर संशय घेतला, मग हिशेबाच्या गृहस्थांवर, मग एकमेकींवर. कुणावरही काही सिद्ध झालं नाही, आणि कुणी सुटलंही नाही. एक चांगली कार्यकर्ती त्या संशयापायी यायची बंद झाली. आजही मला माहीत नाही की ती निर्दोष होती का, आणि हे वाक्य उच्चारणंसुद्धा तिच्यावर अन्याय आहे.

तेव्हा मी हा विषय शिकायला घेतला. सोपा आहे.

संगणकात आपल्याला दिसणारा पडदा, फाईली, खिडक्या हे सगळं चालवणारी एक व्यवस्था असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. या व्यवस्थेत प्रत्येक माणसाचं वेगळं खातं उघडता येतं. बचत गटाच्या वहीत जसं प्रत्येकीचं पान वेगळं, तसंच. आपल्या नावाने आत गेलं की आपल्या फाईली, आपला टपाल, आपली खोली. दुसरीच्या खोलीला कुलूप.

गंमत अशी की ही युक्ती घरगुती संगणकासाठी निघालीच नव्हती. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखवली. यंत्र एक, माणसं पुष्कळ, म्हणून प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या तिथल्याच विद्यार्थ्याने स्वतःला जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली! म्हणजे कुलूप आणि चोर यांच्यात फार अंतर पडलं नाही. नंतर 'पर्सनल' संगणक आले. एका माणसाचा एक संगणक, मग वेगळी खाती कशाला? 1995 च्या विंडोजमध्ये पासवर्डची चौकट यायची खरी, पण एस्केपचं बटण दाबलं की ती निमूट बाजूला व्हायची. आपल्याकडे मात्र 'पर्सनल' संगणक पर्सनल कधीच नव्हता. एका यंत्रावर दहा हात, केंद्रात तसे आणि घरातही तसेच. तेव्हा ती जुनी सामायिक यंत्राची शिस्त आपल्याला जास्त लागू पडते.

खाती दोन प्रकारची असतात, आणि खरा मुद्दा इथे आहे. एक साधं खातं, त्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. त्यातून रोजचं सगळं काम होतं, पण दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही आणि सगळ्यांवर परिणाम करणारे बदल करता येत नाहीत. दुसरं 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे कारभाऱ्याचं. तो नवी खाती उघडतो, बंद करतो, इतरांचे पासवर्ड बदलतो आणि मनात आणलं तर कुणाचीही खोली उघडून बघतो. संगणक नवा आणला की पहिलं जे खातं उघडलं जातं ते कारभाऱ्याचं असतं. आता आठवा, तुमच्या केंद्रातला संगणक पहिल्यांदा कुणी सुरू करून दिला? दुकानातल्या माणसाने? कुणाच्या भाच्याने? मग कारभारी कोण झाला?

चांदवडला 1986 साली शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बाईचं नाव सातबारावर लावण्यासाठी गावोगाव फिरलेल्या बायका या जिल्ह्यातही भेटतात. राबते ती बाई आणि नाव त्याचं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. संगणकाचाही एक सातबारा असतो, आणि तो आपण बघितलेलाच नसतो.

आम्ही काय केलं ते सांगते. पहिलं, कारभाऱ्याचं खातं वेगळं काढलं आणि त्याचा पासवर्ड नवा केला. तो दोघींनाच माहीत. एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, जोडावर दोघींच्या सह्या करून ते लोखंडी कपाटात ठेवलं, कारण उद्या एकीला अपघात झाला आणि दुसरी गावी असली तर केंद्र अडायला नको. त्या खात्यात बसून रोजचं काम कुणीही करत नाही, त्या दोघीसुद्धा नाही. दुसरं, प्रत्येकीला तिच्या नावाचं साधं खातं. सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'अदर यूजर्स' इथून ते उघडतं. दहा मिनिटांचं काम आहे. हिशेबाचं खातं वेगळं, त्यातून बायकांचे अर्ज दिसत नाहीत. पाहुण्यांसाठी एक रिकामं खातं. शाई भरणारा येतो, त्याच्यात बसतो, टेस्ट प्रिंट काढतो, जातो. तिसरं, जागेवरून उठताना विंडोजच्या खिडकीचं बटण आणि एल एकदम दाबायचं, पडदा बंद होतो. चहा टाकायला जातानासुद्धा.

तरी एक चूक झालीच. आम्हाला सवय होती सगळं 'डी ड्राइव्ह'मध्ये ठेवायची. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं, सी मध्ये ठेवू नका, उडेल. पण वेगळ्या खात्यांचं कुलूप लागतं ते सी मधल्या 'यूजर्स' या कप्प्यातल्या आपापल्या खोलीला. डी ड्राइव्ह म्हणजे सामायिक ओसरी. मुद्दाम परवानग्या बदलल्या नाहीत तर तिथलं सगळं सगळ्यांना दिसतं. महिनाभर आम्ही नवी कुलपं लावून सामान ओसरीवरच ठेवलं होतं!

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी खूप हसले आणि मग गप्प झाले. खातं उघडताना विंडोज तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन ठेवतं. पासवर्ड विसरलात तर ती उत्तरं देऊन आत जाता येतं. प्रश्न कोणते? जन्म कुठल्या शहरात झाला, लहानपणी लाडाने काय म्हणायचे, पहिली शाळा कोणती, सर्वांत मोठ्या चुलत-मामे भावंडाचं नाव काय. आणि तुमचे आई-वडील पहिल्यांदा कुठे भेटले! आमच्याकडे ते मांडवात भेटले, अंतरपाट खाली झाल्यावर. तेव्हा हसलो. पण बघा, यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर सासरी माहीत नसतं? नवऱ्याला, दिराला, गावातल्या कुणालाही माहीत असतं. ज्या देशात माणसाला माणूस ओळखत नाही तिथे हे प्रश्न कुलूप असतील, आपल्या गावात ती किल्ली आहे. म्हणून उत्तरं खोटी द्यायची आणि लक्षात ठेवायची. संगणक खरं-खोटं तपासत नाही.

कार्यकर्ती केंद्र सोडून गेली की तिचं खातं रागाच्या भरात लगेच पुसू नका. खात्याबरोबर तिच्या खोलीतल्या फाईलीही जातात, आणि त्यात कुणाची तरी पुढची तारीख असते. आधी पासवर्ड बदला, कागद दुसरीकडे घ्या, मग पुसा. आणि संगणक दुरुस्तीला बाहेर जात असेल तर हे सगळं अपुरं आहे हेही सांगते. आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तर खात्यांची कुलपं राहत नाहीत. डिस्कच सांकेतिक करून ठेवावी लागते. ते आम्ही एका जाणत्या मुलीकडून करून घेतलं.

आमच्यातच यावर भांडण झालं, तेही लपवत नाही. एक जुन्या ताई म्हणाल्या, "आपण सगळ्या बरोबरीच्या, एका ताटात जेवणाऱ्या, आणि आता एकमेकींपासून कुलपं?" त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण ते हलकंही नाही. संघटनेत वरच्या-खालच्या पायऱ्या नकोत म्हणून आपण इतकी वर्षं झगडलो, आणि हे यंत्र पुन्हा कारभारी आणि साधी अशी विभागणी घेऊन आलं. आम्ही तोडगा काढला, कारभारी दरवर्षी बदलायच्या. पण त्या फाईली आपल्या नाहीतच. त्या आलेल्या बाईच्या आहेत. निवारागृहात राहणाऱ्या बाईची इच्छा असेल तर तिची ओळख उघड करायची नाही, असं त्या कायद्याच्या 2006 च्या नियमांत लिहिलेलं आहे. सल्ला केंद्राने त्यापेक्षा कमी का पाळावं?

या बुलडाण्यातल्या ताराबाई शिंदे आपल्याला माहीत आहेत. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला 1881 साली गाजला. तिच्या पोटातलं दुःख वर्तमानपत्रांतून चघळलं गेलं. ताराबाई संतापल्या आणि 1882 साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक स्वतःच्या नावाने छापलं. विजयालक्ष्मीला मात्र तिची गोष्ट कुणाला कळावी, हे कुणी विचारलं नव्हतं. मला त्या दोघींची आठवण बरोबरच येते.

आता घरच्या संगणकाचं. इथे मी तुम्हाला उत्साहाने 'आपापलं खातं उघडा' असं सांगणार नाही. ज्या घरात मारहाण आहे तिथे बाईने एकाएकी पासवर्ड लावला तर त्याच दिवशी विचारणा होईल, "काय लपवतेस?" शिवाय कारभाऱ्याचं खातं बहुधा नवऱ्याचंच, त्याला तिची खोली उघडता येते. तेव्हा अशा बाईला सांगा, घरच्या संगणकावर अर्ज लिहू नको, पत्ते ठेवू नको, तिथे रोजचंच काम कर. बाकीचं केंद्रात येऊन. ज्या घरात भांडण नाही तिथे मात्र मुलीच्या अभ्यासासाठी, सुनेच्या कामासाठी वेगळं खातं जरूर मागा. आमच्या एका मैत्रिणीने मागितलं तर सासऱ्यांनी विचारलं, "एका घरात दोन चुली कशाला?" ती म्हणाली, "मामंजी, तुमच्या कपाटाची किल्ली कुठं असते?" खातं मिळालं.

ती मामेबहिणीकडची बाई? तिचा अर्ज नंतर नव्याने लिहिला. तिने आधी विचारलं, "हे कोन कोन पाहीन?" मी तिला खुर्चीत बसवलं, पडद्यावर दोन नावं दाखवली, माझं आणि वकीलताईंचं. तिने ती दोनदा वाचून घेतली, मग सांगायला लागली.

माझा वेळ संपला, स्वयंपाकघरातून खुणा होताहेत. बाजूच्या खोलीत संगणक लावून ठेवला आहे. जेवणानंतर ज्यांची एसटी चारच्या पुढची आहे त्या थांबा. एकेकीने स्वतः बसून आपल्या नावाचं खातं उघडायचं. मी हात लावणार नाही.