माळ्यावरची पदके
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समितीने मला 'माझा छंद' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. माझा छंद म्हणजे दोन महायुद्धांत गेलेल्या आपल्या सैनिकांची आणि त्या काळातल्या पोलिसांची पदके व कागदपत्रे जमवणे. आमच्या घरात या संग्रहाला 'भंगार' असा एक शब्द आहे. तो कोणाचा ते सांगत नाही, त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

सुरुवात बँकेत झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला यायची. काउंटरवर सही-अंगठा झाला की ही माणसं कापडी पिशवीतून डिस्चार्जची पुस्तिका काढून दाखवत. नंबर, हुद्दा, बापाचं नाव, गाव, तालुका, अंगावरची खूण, कुठल्या आघाडीवर होता, वर्तणूक कशी, सगळं त्यात. केरेन, इटली, ब्रह्मदेश ही नावं मी पुस्तकात वाचलेली, आणि समोरचा म्हातारा तिथे जाऊन आलेला! रांग खोळंबायची, पण मी ऐकत बसायचो.

आता थोडे आकडे सांगतो, बँकवाल्याला त्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यातली ७० हजारांहून जास्त परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं होतं, तेही सक्तीची भरती नसताना. आपल्या पुण्याचं नाव लावणारी सहावी 'पूना' डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. त्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी तेही बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे तुर्कांच्या कैदेत किती मेले ते वाचायला मन धजत नाही. ११७ व्या पलटणीला नंतर 'रॉयल' हा किताब मिळाला. दुसऱ्या युद्धात इटलीमध्ये यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना आपण तिथे चहाला थांबतो, तेव्हा जरा पुतळ्याकडेही जावं.

पण व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांची नावं राहतातच. माझा जीव साध्या पदकांत आहे. पहिल्या युद्धानंतर जवळजवळ प्रत्येकाला दोन पदकं मिळाली. एक चांदीचं 'ब्रिटिश वॉर मेडल', त्यावर एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला नागडा घोडेस्वार. दुसरं ब्राँझचं 'व्हिक्टरी मेडल', पंखवाली देवी आणि इंद्रधनुष्यी फीत. बघायची गोष्ट वेगळीच आहे. पदक आडवं धरा आणि काठ बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या मर्जीनं, आडनाव बऱ्याचदा गायब. पण नाव असतं.

याचं महत्त्व मला बसरा स्मारकाबद्दल वाचल्यावर कळलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा ४० हजारांवर माणसांचं ते स्मारक आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव दगडावर कोरलं, भारतीय अधिकाऱ्याचंही कोरलं. भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. म्हणजे साताऱ्याचा एखादा शिपाई तिथे गेला असेल, तर भिंतीवर तो एक आकडा आहे आणि त्याचं नाव कदाचित या रुपयाएवढ्या पदकाच्या काठावरच आहे. ते पदक मोडीत गेलं की संपलं.

आणि मोडीत ही पदकं भरपूर गेली. चांदी अडीच तोळ्यांच्या आसपास, अडीनडीला उपयोगाची. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव भडकले, तेव्हा खुद्द इंग्लंडातसुद्धा लोकांनी ती ढिगाने वितळवली.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एकदा एक पुडकं मिळालं. कोणा सावकाराच्या घरातून आलेलं. आत एक चांदीचं पदक, घड्यांवर चिरलेला डिस्चार्जचा कागद आणि गहाणाची चिठ्ठी: १९७२ साल, रक्कम दहा रुपये. दुष्काळाचं वर्ष. तारण आणि कर्ज यांचं प्रमाण सावकारानं चोख सांभाळलं होतं, हे बँकवाला म्हणून मान्य करतो. कागदावर गाव होतं, म्हणून एका रविवारी गेलो. घर सापडलं. त्या शिपायाचा पणतू भेटला. त्यानं सरळ विचारलं, "काका, ह्याला किती येतील?" मी खरं ते सांगितलं, की चांदीचे थोडेच येतील, संग्राहक मात्र कागदासकट बरे पैसे देईल. तेवढ्यात आतून त्याची आजी आली. त्या शिपायाची सून, ऐंशीच्या पुढची. तिनं पदक हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि मला म्हणाली, "मग ते दहा रुपये फिटले का वं?"

मी म्हणालो, "फिटले, आजी." पदक आणि कागद तिथेच ठेवून आलो. माझ्याकडे फक्त फोटो आहे.

आमच्यातल्या काही संग्राहकांना हे पटत नाही. ते म्हणतात, घरच्यांनीच विकलं, आपण वाचवलं, परत दिलं की पुन्हा विकतील. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. तरी मी पत्ता लागला तर आधी घरच्यांना विचारतो.

पोलिसांची पदकं क्वचित मिळतात. किंग्ज पोलिस मेडल १९०९ चं, इंडियन पोलिस मेडल १९३२ चं. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या काळातलं एखादं पोलिसाचं सर्व्हिस शीट मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षे रद्दीवाल्यांच्या मागे आहे.

आता तुमच्यासाठी. कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची पत्र्याची पेटी असेल तर ती दिवाळीच्या साफसफाईत काढू नका. पदकाला पितांबरी, चिंच, राख काहीही लावू नका, घासून घासून काठावरचं नाव जातं. कागदाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेली टाचणी हलकेच काढा, मोबाइलवर फोटो घ्या. दोन भावांत वाटणी करताना एकाला चांदीचं, दुसऱ्याला ब्राँझचं असं करू नका. जोडी फुटली की ओळख फुटते. मुलं परदेशात आहेत त्यांनी ध्यानात ठेवावं, शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याचं बंधन आहे. आणि दुसऱ्या युद्धातले जे लोक पाच-सहा वर्षांतच सुटले, त्यांना सैन्याचं पेन्शन बसलं नाही. राज्य सरकार अशांना आणि त्यांच्या विधवांना मदत देतं, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी डिस्चार्जचा कागदच मागतात. गावाकडे कोणी असेल तर कळवा.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात भिंग घेऊन बसणार आहे. घरात असेल ते घेऊन या, काठावरचं वाचून देतो. मी कोणाचंही काहीही विकत घेणार नाही, तसं सेक्रेटरींना लेखी दिलं आहे. फक्त येताना पुसून आणू नका.