फायबरची जोडणी निवडताना

इंटरनेटची जोडणी घेताना ग्राहकाची नजर प्रथम वेगाच्या आकड्यावर जाते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान डाऊनलोड वेग सेकंदाला २ मेगाबिट ठरविला. कंपन्या त्याच्या कितीतरी पट देऊ करतात. परंतु फायबरचा काचतंतू थेट घरातील पेटीपर्यंत येतो, की इमारतीपाशी थांबून पुढे तांब्याची तार लागते, हे आधी विचारावे. जुन्या दूरध्वनीला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे. काचेतून प्रकाश जातो, वीज नव्हे. पेटीला बॅटरीचा आधार नसेल, तर वीज जाताच, मग तो मुलीच्या प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस का असेना, जोडणी बंद पडते. तंतू तुटल्यास दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो, हे त्याच कंपनीची जोडणी घेतलेल्या शेजाऱ्यास विचारावे. जाहिरातीत ते सहसा छापत नाहीत. तोवर वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत.